बेवारस स्नोशू

सिल्वी राउतिओने बुधवारी सकाळी, कॉफी ओतायच्या आधी, दोनदा 'हो' म्हटलं आणि आपल्या कित्येक वर्षांच्या कामावर पाणी फिरवलं.

पहिलं 'हो' पिवळ्या पट्टीला होतं. 'लून' उघडलं की पडद्याच्या वरच्या बाजूला ती पट्टी हजर व्हायची. नवी आवृत्ती आली आहे, सगळं अपडेट करायचं का? लून म्हणजे संगीताची स्वरलिपी लिहायचं आणि छापायचं सॉफ्टवेअर. ठिकठिकाणच्या हौशी माणसांनी फावल्या वेळात मिळून केलेलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं, म्हणून फुकट. सिल्वीने हिवाळाभर त्या पट्टीकडे काणाडोळा केला होता. त्या दिवशी मात्र तिच्या टुमण्याला कंटाळून तिने बटण दाबलं. लगेच दुसरी खिडकी उघडली. तुमच्या जुन्या फायली नव्या पद्धतीत बदलून घ्यायच्या का? घर बदलतोच आहोत तर सामानही हलवून टाकावं, अशा हिशेबाने तिने तिथेही 'हो' म्हटलं.

कॉफीचा पेला घेऊन ती परत येऊन बसली आणि रविवारचं पहिलं उपासनागीत उघडलं. सूर मुंगीएवढे झाले होते.

तिने प्लगइनांची, म्हणजे लूनला वरून जोडायच्या छोट्या जोडकामांची, यादी उघडली, भिंग पडद्याला लावलं, आणि मान थोडी डावीकडे वळवून वाचलं. तिच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी दोन वर्षांपासून एक राखी डाग बसला होता; समोरची गोष्ट पाहायची तर तिच्या बाजूला पाहावं लागे. यादीत 'स्नोशू' फिकट पडलं होतं. खाली लिहिलं होतं: या आवृत्तीशी जुळत नाही. देखभाल करणारं कुणी नाही.

बर्फावर चालायला पायाला बांधतात त्या रुंद जाळीवरून कुणीतरी त्या प्लगइनचं नाव ठेवलं होतं, आणि ते चपखल होतं. स्नोशू सूर जाडजूड करायचं. पण नुसतं तेवढंच नाही. गाणारे जिथे श्वास घेतात तिथे ते ओळ तोडायचं, पान उलटायची वेळ आली तर ती डावा हात मोकळा असेल अशा जागी आणायचं, आणि सिल्वीने स्वतः लिहिलेले बोटांचे आकडे लाल रंगात वर ठेवायचं. त्याच्या जिवावर ती अजून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती.

आणि ते वाजवणं आधीच टांगणीला लागलेलं होतं. चर्चच्या मंडळाची अध्यक्ष कॅरोल हिल्टुनेन हिने फेब्रुवारीत एका पेटीची माहितीपत्रकं वाटली होती. पेटीत गीताचा क्रमांक टाकायचा की पेटी आपणहून गीत वाजवते. "युहान्नुसपर्यंत बघू," कॅरोल म्हणाली होती. युहान्नुस म्हणजे जूनमधला मध्यउन्हाळ्याचा सण; फिनलंडहून तांब्याच्या खाणींत कामाला आलेल्या आजोबा-पणजोबांनी तो मिशिगनच्या या उत्तर टोकाला आणला. त्या दिवशी चर्च भरतं. 'बघू' याचा अर्थ सिल्वीला नीट कळला होता. त्या दिवशी चुकलात तर बाक सोडा.

तिने भावाला फोन केला.

रेनो आला तो बूट आपटत. एप्रिल संपत आला होता तरी अंगणातला बर्फ कमरेएवढा होता. तो टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला, आणि अख्ख्या गल्लीचे संगणक दुरुस्त करत असे. त्याने पडदा पाहिला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "नक्कल ठेवली होतीस?"

"कशाची?"

"फायलींची."

"त्या संगणकातच होत्या ना."

रेनोने टोपी काढून टेबलावर ठेवली. मयताच्या घरी काढतात तशी.

"नाटकं करू नकोस," सिल्वी म्हणाली. "जुनं लून परत घाल."

त्याने घातलं. जुन्या लूनने गीताची फाईल पाहिली आणि सांगितलं की ही माझ्या नंतरच्या आवृत्तीत बनलेली आहे, मला उघडता येत नाही. त्याने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांनी नव्या घरचा पत्ता लावून घेतला होता.

"मोठ्या कागदावर फोटोकॉपी करू," रेनो म्हणाला.

"एका पानावर दोन ओळी मावतील. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय खाली. पान काय नाकाने उलटू?"

"कॅरोल उलटेल की."

"कॅरोलला मी बाकावरच नको आहे, पान कसलं उलटते."

रेनो हसला, पण लगेच गप्प झाला. बहिणीचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. खाणीच्या संपात दुकानदाराने उधार नाकारलं होतं तेव्हा आईचा असाच झाला होता.

लून वापरणाऱ्यांचा एक चर्चागट होता. सिल्वीने त्यावर संदेश लिहिला. तो सौम्य नव्हता. दुपारी उत्तर आलं, विनिपेगच्या ओलेक्सा ह्रिन्चुककडून. हा माणूस शहरात बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात लूनच्या प्लगइनांचं फाटक सांभाळायचा: कुठलं आत घ्यायचं, कुठलं जुनं झालं, कुणाच्या हातात कशाची किल्ली, म्हणजे बदल करायचा हक्क. त्याचं उत्तर एवढंच होतं: "राउतिओबाई, स्नोशू बेवारस आहे. तुम्हाला दत्तक घ्यायचंय का?"

"बघितलंस?" सिल्वी भावाला म्हणाली. "चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची थट्टा करतोय."

"थट्टा नाही ती. तिथे असंच असतं. कुणी तक्रार केली की हे लोक तक्रार करणाऱ्याच्याच हातात पाना देतात."

"आणि त्याने घेतला नाही तर?"

"नाही घेतला तर तक्रार संपली."

सिल्वीने भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "त्याला लिही, पाना पाठव म्हणावं."

ओलेक्साने पाना पाठवला, आणि सोबत रीतही कळवली. बेवारस प्लगइन घ्यायचं तर आधी जुन्या मालकाला विचारायचं. त्याने 'हो' म्हटलं तर प्रश्न मिटला. तो महिनाभर गप्प राहिला तर गटात तीन वेळा पुकारा करायचा, मध्ये दोन-दोन आठवडे जाऊ द्यायचे, आणि कुणाची हरकत आली नाही तरच किल्ली मिळायची. अशा पद्धतीने पोचायला युहान्नुस टळून गेला असता. स्वतःच्या यंत्रावर प्रयोग करायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. लूनच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता, तो चालू केला की घरचं कच्चं प्लगइनही चालायचं.

तेव्हा ती कामाला लागली. रेनोने स्नोशूचा आतला मजकूर, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना, पडद्यावर मोठा करून दिला आणि समजावून सांगू लागला. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला थांबवलं.

"हे इथे परत वर जातं ना? हे पुनरावृत्तीचं चिन्ह आहे."

"तसंच समज."

"आणि पहिल्यांदा इकडून जायचं, दुसऱ्यांदा तिकडून. हे तर मी सहाव्या वर्षापासून वाचतेय."

अर्थात ते तितकं सोपं नव्हतं. नव्या लूनने आतली बरीच नावं बदलली होती. स्नोशू जुन्या नावाने हाक मारायचं आणि ओ येत नसे. एकेक हाक शोधायची, नवं नाव घालायचं, लून पुन्हा सुरू करायचं, पुढची तक्रार वाचायची. सकाळी उजेड चांगला असेपर्यंत ती बसायची. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की उठून ऑर्गनचे पायाचे सूर स्वयंपाकघराच्या फरशीवर घोटायची. कधी ओलेक्सा बसच्या शेवटच्या थांब्यावरून फोन करायचा.

"बाई, काल तुम्ही पाठवलेलं बघितलं. हे तुम्ही लिहिलंत?"

"का? वाईट आहे?"

"वाईट आहे. पण चालतंय. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं चांगलं असतं आणि चालत नाही."

मेच्या मध्याला स्नोशू उभं राहिलं. ओळी श्वासावर तुटल्या, लाल आकडे आपल्या जागी आले. आणि जिथे जाड सूर यायचे तिथे रिकामे चौकोन उमटले.

रेनोने शोधून काढलं. जाड सुरांची अक्षरं, म्हणजे ते सूर छापायचा फॉन्ट, प्लगइनच्या आत नव्हतीच. बसवताना ती मूळ मालकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवली जात. नवं लून बसताना जुनी अक्षरं पुसली गेली होती आणि संकेतस्थळ कधीच बंद पडलं होतं. मालकाचं नाव डेल ट्रेझोना. तिने त्याला दोन वेळा लिहिलं होतं, उत्तर नव्हतं.

"मेला असेल," रेनो म्हणाला.

"इथल्या ट्रेझोनांची सरोवराकाठी, बिग बेच्या बाजूला, मासेमारी होती. मेला असेल तर बायकोला विचारू. गाडी काढ."

डेल ट्रेझोना मेला नव्हता. सरोवराच्या काठी, एका टपरीच्या मागे, तो पत्र्याच्या पिंपात व्हाइटफिश मासे धुरावर भाजत होता. साठीचा, दाढीला धुराचा वास, गळ्यात चामड्याचा ॲप्रन. सिल्वीने आपलं गाव कॅल्युमेट म्हणून सांगितलं आणि स्नोशूचं नाव काढलं तसा तो पिंपाचं झाकण हातात धरून तसाच उभा राहिला.

"त्याच्यासाठी कॅल्युमेटहून आलात?"

"पत्राला उत्तर दिलं असतंत तर आले नसते."

"त्या सगळ्या पत्रांना मी परस्पर कचऱ्याची वाट दाखवून ठेवलीय. लूनचं नाव असलं की सरळ टोपलीत. तीन वर्षं झाली, झोप छान लागते." त्याने झाकण ठेवलं. "तुम्हाला सांगतो बाई, ते मी एका हिवाळ्यात गंमत म्हणून केलं होतं. मग लोक वापरायला लागले. मग लोक भांडायला लागले. एकाला सूर आणखी जाड हवेत, एकाला बारीक. एक अपडेट दिलं तर तिघांचं बिघडलं. एका माणसाने नाताळच्या दिवशी मला शिव्या लिहिल्या. मला वाटलं, मासा बरा. विकला की संपला."

"मला अक्षरं द्या आणि किल्ली द्या. युहान्नुसला चर्चमध्ये चार गीतं वाजवायची आहेत."

"अक्षरं आहेत कुठेतरी, माळ्यावरच्या यंत्रात. किल्ली एका मिनिटात देईन." तो तिच्याकडे पाहू लागला, आणि सिल्वी त्याच्या कानाकडे पाहते आहे हे त्याच्या ध्यानात आलं. "पण एक विचारतो. तुमचा हा युहान्नुस झाला की मग?"

"मग काय?"

"मग ते परत कुणाचं? मी सोडलं ते एकदा. तुमची चार गीतं छापून झाली आणि तुम्हीही सोडलंत, तर मी मासेच विकतोय ते बरं. निदान आत्ता तिथे 'कुणी नाही' असं खरं लिहिलेलं आहे."

रेनो मध्ये पडला. "अहो, तिच्या डोळ्यांचं बघा जरा. या वयात—"

"थांब," सिल्वी म्हणाली. तिला राग आला होता, आणि राग डेलचा नव्हता. घरून निघताना तिच्या मनात खरोखर चार गीतंच होती. "दिसतंय तोवर सांभाळीन. दिसेनासं झालं की आधी गटात सांगेन, आणि दुसरा माणूस सापडेपर्यंत बसेन. तुमच्यासारखी मागच्या दाराने जाणार नाही."

डेलने ते ऐकून घेतलं. मग ॲप्रनला हात पुसत तो घराकडे वळला. "माळ्याची शिडी चढायला कुणीतरी चला. आणि जाताना मासा घेऊन जा. फुकट नाही."

परतताना रेनोने माशाचं पुडकं मागच्या सीटवर ठेवलं आणि गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाला, "मागच्या दाराने. त्याच्याच अंगणात उभं राहून."

"चुकीचं बोलले का?"

"नाही. मासा महाग लावला त्याने, एवढंच."

किल्ली सिल्वीच्या नावावर झाली, आणि तीन वर्षं टोपलीत जाणारी पत्रं आता तिच्या दारात येऊ लागली. डेल खोटं बोलला नव्हता. जाड हवं, बारीक हवं, रंग हिरवा का नाही. ती उत्तरं लिहायची, त्रोटक, सगळ्यांना. त्यांत एक पत्र कॅनडातल्या मूस जॉ गावच्या एका शाळेतून आलं. नोरीन म्हणून बाई होत्या, कमी दिसणाऱ्या मुलांना गाणं शिकवायच्या. त्यांनी लिहिलं होतं: स्नोशूला कुणीतरी वाली मिळाला हे वाचलं, आनंद झाला. पण आमच्या शाळेतल्या संगणकांवर जुनं लून आहे आणि ते बदलायची आम्हाला परवानगी नाही. प्लगइनं मात्र आपोआप अपडेट होतात. तुमचं नवं आलं की आमचं काय होईल? जूनमध्ये मुलांचा कार्यक्रम आहे.

युहान्नुस तोंडावर आला होता. घरचं स्नोशू आता अक्षरांसकट चालत होतं.

"तुझं छापून घे," रेनो म्हणाला. "बाहेर सोडायचं सण झाल्यावर बघ. नाहीतर आत्ता सोड आणि शाळेला सांग, सांभाळून घ्या."

"सांभाळून घ्या? मला कुणी तसं सांगितलं असतं तर?"

"तू दोनदा 'हो' म्हटलंस. तुला विचारलं तरी होतं."

"त्यांना विचारणारसुद्धा नाहीत," सिल्वी म्हणाली आणि ओलेक्साला फोन लावला.

ओलेक्साने बस बाजूला घेतली होती की नाही कोण जाणे. मागे दार उघडल्याचा फुसकारा ऐकू आला. "बाई, त्याला एक ओळ लागते. प्लगइनच्या माहितीत लिहायचं, हे अमुक आवृत्तीपासून पुढे. मग जुन्या लूनला जुनंच मिळतं, नव्याला नवं. ती ओळ डेलने कधी घातलीच नव्हती. तेव्हा एकच लून होतं."

"आणि ओळ बरोबर लागली हे कसं कळायचं?"

"बहुतेक लोक घालतात आणि देवावर सोडतात."

"माझ्याकडे एक जुनं यंत्र येतंय," सिल्वी म्हणाली आणि भावाकडे पाहिलं. रेनो सुस्कारा टाकून आपला जुना लॅपटॉप आणायला गेला.

त्यावर त्यांनी जुनं लून घातलं, जुनं स्नोशू घातलं, आणि नव्याला दारात उभं केलं. पहिल्या खेपेला ते सरळ आत घुसलं आणि सगळं मोडलं. ओळीत आकडा उलटा पडला होता. दुसऱ्या खेपेला जुनं लून गप्प बसून राहिलं, जणू काही आलंच नाही. सिल्वीने ते पुन्हा करून पाहिलं, मग आणखी एकदा. शिवाय स्नोशू नव्या लूनवर पहिल्यांदा उघडलं की एक प्रश्न यावा अशी तिने सोय केली: जुन्या फायलींची नक्कल ठेवू का? आणि तिथे काहीच न दाबता पुढे गेलं तर नक्कल ठेवलीच जाईल, असं केलं.

मग तिने स्नोशू बाहेर सोडलं. फिकट नाव ठळक झालं, आणि त्याच्या खालच्या ओळीत तिचं नाव आलं. तिने ते भिंगातून वाचलं, आणि पुसून काढावं की काय असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

युहान्नुसची सगळी गीतं तिने छापून घोटून ठेवली होती. शनिवारी दुपारी कॅरोल दारात आली.

"सिल्वी, रागावणार नसाल तर. माझ्या नातीचा बाप्तिस्मा उद्याच ठरलाय. एक गीत वाढवायचं होतं."

"एक दिवस आधी?"

"पेटी असती तर नुसता क्रमांक टाकला असता," कॅरोल म्हणाली, आणि तिलाच ते बोलणं लागल्यासारखं झालं.

"ठेव इथे," सिल्वी म्हणाली. रात्री ते लूनमध्ये उतरवून छापेपर्यंत डोळे थकले, आणि घोटायचं राहून गेलं.

रविवारी चर्चच्या दारांना बर्चच्या हिरव्या फांद्या बांधल्या होत्या. सिल्वी बाकावर बसली, बूट बदलले, कागद लावले. पहिलं गीत ठीक गेलं. दुसरं त्याहून चांगलं गेलं. मग बाप्तिस्म्याचं आलं. ते सुरू होतं अर्ध्या मात्रेच्या उचलीने, ठोक्याच्या आधीच एक सूर घेऊन. पहिलं पान संपलं, डावा हात मोकळा झाला, तिने पान उलटलं, आणि ओळीच्या तोंडाचा सूर तिथे नव्हता.

तो मागच्या पानाच्या तळाशी राहिला होता. नवं लून उचलीचा तो तुकडा वेगळा मोजत होतं, स्नोशू जुन्यासारखा मोजत होतं, आणि सगळ्या ओळी एका खणाने सरकल्या होत्या. तिने तपासायला घेतलेली गीतं नेमकी सगळी ठोक्यावर सुरू होणारी होती. हे सगळं तिला एका श्वासात कळलं, आणि त्याच श्वासात लोकांनी पुढची ओळ गायला तोंड उघडलं. तिने कागदावरची नजर काढून घेतली. हे गीत तिने याच बाकावर शेकडो वेळा वाजवलं होतं, डोळे होते तेव्हा. राखी डागाच्या पलीकडे नजर तशीच ठेवून तिने हातांना जाऊ दिलं. तिसऱ्या कडव्याला डावं पाऊल एकदा घसरलं. शेवटचा सूर तिने जरा लांबवला, आणि पाळण्यातलं मूल रडायला लागलं.

खाली तळघरात कॉफी होती, वेलदोड्याचा निसू पाव होता. रेनो आधीच रांगेत होता. कॅरोल दोन पेले घेऊन सिल्वीजवळ आली.

"तिसऱ्या कडव्यात काहीतरी झालं का हो?"

"झालं. पाऊल चुकलं. आणि पानं सगळी चुकीची तुटली होती."

"मला पानांचं कळलंच नाही." कॅरोलने पेला तिच्या हातात दिला. "त्या पेटीचं आपण पुढच्या वर्षी बघू, असं मी मंडळाला सांगणार आहे."

"पुढच्या वर्षी नको बघूस."

"म्हणजे?"

"कधी बघायचं ते मी सांगेन. वाजवता येईनासं झालं की पहिली तुला सांगेन, आणि पेटी येईपर्यंत बसेन. तोवर तिचा विषय नको. आणि गीत वाढवायचं असेल तर गुरुवारपर्यंत सांगत जा. पियानो शिकायला यायचीस तेव्हाही तू शेवटच्या दिवशी घोटायचीस."

कॅरोल लहानपणी लाजायची तशी लाजली. "बरं," ती म्हणाली.

सिल्वीने कॉफीचा एक घोट घेतला आणि पेला टेबलावर ठेवला. "रेनो, चल."

"अगं, आत्ता तर आलो. पाव तरी—"

"रुमालात बांधून घे. उचलीची सगळी गीतं चुकीची तुटतायत. नोरीनबाईंचं जुनं आहे, त्यांचं ठीक आहे. पण नवं घेतलेल्यांचं पुढच्या रविवारी असंच होणार."

"त्यांनी कळवलं का?"

"मी कळवतेय," सिल्वी म्हणाली. "स्नोशूच्या मालकिणीला."

रेनोने पावाचे तीन तुकडे रुमालात बांधले, थोडा विचार करून चौथा घेतला, आणि गाडीची किल्ली शोधत तिच्या मागोमाग जिना चढला.